पट मोजायचा की ताकद? अमेरिकी हायस्कूल फुटबॉलच्या वर्गवारीचं परीक्षण

अमेरिकेत हायस्कूल फुटबॉलचं मैदानावर ठरणारं राष्ट्रीय विजेतेपद नाही. एनएफएचएस ही देशपातळीवरची संस्था खेळाचे नियम लिहिते (टेक्सस तेही घेत नाही, तिथे कॉलेजचे एनसीएए नियम चालतात). स्पर्धा भरवते ती प्रत्येक राज्याची आपली क्रीडा संघटना. शिवाय राज्याचा विजेताही एक नसतो. एकेका हंगामात टेक्ससमध्ये बारा, मिशिगनमध्ये अकरा खेळाडूंच्या फुटबॉलचे आठ, ओहायोत सात आणि इंडियानात सहा राज्यविजेते होतात. शाळांना वर्गांत वाटून देणं ही या संघटनांची सर्वांत मोठी सेवा आहे, आणि इथे परीक्षण त्याच सेवेचं आहे.

बारा विजेते म्हणजे बक्षिसं वाटून टाकली, असा आक्षेप हमखास ऐकू येतो. फुटबॉलला तो लागू होत नाही. मोठ्या शाळेत आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि किकच्या वेळी उतरणारे आणखी वेगळे असतात. लहान शाळेत तीच अकरा मुलं दोन्ही बाजूंनी खेळतात. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये फरक फारसा दिसत नाही. तिसऱ्यात दमलेल्या लाइनमनचे (समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या फळीतल्या खेळाडूचे) पाय जड होतात, तो खांद्याऐवजी हात पुढे करतो, टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) उंचावर होतो आणि दुखापती तिथेच होतात. कुस्तीत वजनगट लागतात त्याच कारणासाठी इथे पटगट लागतात.

पहिली गोम नावांत आहे. टेक्सस आणि इंडियानात आकडा जितका मोठा तितकी शाळा मोठी: ६ए सर्वांत वर. मिशिगन आणि ओहायोत उलट, डिव्हिजन १ सर्वांत मोठ्या शाळांची. न्यू जर्सीत सरकारी शाळांचे पाच ग्रुप, त्यात ग्रुप ५ मोठा. इलिनॉयचा ५ए आणि टेक्ससचा ५ए यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोन राज्यांतल्या संघांची तुलना करायची असेल, तर वर्गाचं नाव बाजूला ठेवून पटसंख्या बघा.

परीक्षणाच्या कसोट्या तीन: काय मोजतात, रेघ कधी ओढतात, आणि सतत जिंकणाऱ्या शाळेचं काय करतात. चर्चा बहुतेक पहिल्या कसोटीवरच होते. आमच्या मते दुसरी तितकीच वजनदार आहे, आणि बरीचशी गडबड तिथेच होते.

टेक्सस

यूआयएल ही टेक्सस विद्यापीठातून १९१० मध्ये उभी राहिलेली संस्था. सरकारी शाळांचं वर्गीकरण ती दर दोन वर्षांनी नव्याने करते. ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शुक्रवारी नववी ते बारावीचा पट मोजला जातो. त्याला तिकडे ‘स्नॅपशॉट डे’ म्हणतात. त्यावरून वर्गांच्या सीमा ठरतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला कोणती शाळा कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये (हंगामात आपसांत खेळणाऱ्या शाळांच्या गटात), ते जाहीर होतं. २०२२–२४ च्या आवर्तनात ६ए साठी २,२२५ किंवा अधिक, ५ए साठी १,३०० ते २,२२४, ४ए साठी ५४५ ते १,२९९, ३ए साठी २५० ते ५४४, २ए साठी १०५ ते २४९, आणि १ए साठी १०४.९ पर्यंत अशा सीमा होत्या. ६ए हा वर्ग २०१४ मध्ये आला.

या आकड्यांकडे वजाबाकीने पाहू नका, भागाकाराने पाहा. २ए मध्ये वरची आणि खालची शाळा यांत फरक १४४ विद्यार्थ्यांचा, ४ए मध्ये ७५४ चा. पण दोन्हीकडे मोठी शाळा लहान शाळेच्या साधारण २.४ पट आहे. १०५ च्या शाळेत निम्मे मुलगे धरले तर ते बावन्न. त्यातून संघ उभा करायचा. २४९ च्या शाळेत तेच सव्वाशेच्या आसपास. म्हणून २ए ते ५ए या वर्गांचे हंगामाआधीच डिव्हिजन १ आणि २ असे दोन तुकडे केले जातात, आणि ते योग्यच आहे. एकदा फेब्रुवारीत कागद हातात आला की दोन वर्षं प्रशिक्षकाला माहीत असतं, आपल्यासमोर कोण येणार.

६ए मध्ये मात्र हीच शिस्त मोडते. तिथे डिस्ट्रिक्टमधले सगळे संघ एकत्र खेळतात, पहिले चार बाद फेरीत जातात, आणि मग त्या चारांपैकी पटाने मोठ्या दोन शाळा डिव्हिजन १ मध्ये, लहान दोन डिव्हिजन २ मध्ये. समजा पात्र ठरलेल्या चार शाळांचा पट ३,४००, २,९००, २,७०० आणि २,४०० आहे. २,९०० ची शाळा डिव्हिजन १ मध्ये जाईल. आता शेवटच्या शुक्रवारी २,४०० ची शाळा हरली आणि तिच्या जागी ३,१०० ची शाळा आत आली. क्रम झाला ३,४००, ३,१००, २,९००, २,७००. २,९०० च्या शाळेने ना एक सामना जास्त जिंकला, ना हरला, तरी ती डिव्हिजन २ मध्ये गेली. दुसऱ्या मैदानावरच्या निकालाने तिचा पूर्ण डिसेंबरपर्यंतचा रस्ता बदलला.

बाद फेरीत आधीच एकमेकांशी खेळलेल्या शाळा दोन वाटांनी जातात, हा या पद्धतीचा फायदा मान्य करायला हवा. तरी ६ए ची विभागणीही आधीच व्हावी असं आम्हाला वाटतं. दुसरी उणीव म्हणजे वरच्या वर्गाला झाकण नाही. डॅलसजवळच्या ॲलनसारखी पाच हजारांच्या पुढची शाळा आणि २,२२५ ची शाळा कागदावर एकाच वर्गात बसतात. ॲलनचं १८,००० आसनांचं, सहा कोटी डॉलरचं स्टेडियम २०१२ मध्ये उघडलं, आणि त्या वर्षापासून सलग तीन विजेतेपदं तिने घेतली. पट म्हणजे नुसती मुलं नसतात; त्यामागे कर देणारी वस्ती, व्यायामशाळा, प्रशिक्षकांची फौज आणि बँड असतो.

तिसरी अडचण आकडा शिळा होण्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोजलेला पट २०२५ च्या हंगामातही चालला. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत दोन वर्षांत शाळा केवढ्याने फुगते, आणि नवी शाळा उघडली की जुनी केवढी रिकामी होते, हे तिथले प्रशिक्षक बोटांवर सांगतील. ज्या शाळेला आपण मोठ्यांत खेळू शकतो असं वाटतं, तिला वरच्या वर्गात जायची मुभा आहे. खालच्या वर्गात उतरायची मुभा नाही, हेही बरोबरच.

१ए ची व्यवस्था या सेवेतला सर्वांत सुंदर भाग. १०५ पेक्षा कमी पटाच्या शाळांना अकरा जणांच्या खेळात ढकलण्याऐवजी त्यांच्यासाठी सहा जणांचा खेळ आहे. मैदान १०० ऐवजी ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद. फर्स्ट डाउनला (ठरावीक प्रयत्नांत चेंडू पुढे न्यायचं अंतर) १० नव्हे, १५ यार्ड. फील्ड गोलला (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारला तर) ३ ऐवजी ४ गुण, आणि टचडाउननंतरच्या किकला २, कारण सहाच जणांत चेंडू नीट मागे देणारा, धरणारा, किक मारणारा आणि त्यांना वाचवणारे जमवणं हीच कमाल. हाफटाइमला किंवा त्यानंतर फरक ४५ गुणांचा झाला की सामना तिथेच संपतो. हा प्रकार १९३४ मध्ये नेब्रास्कात स्टीफन एप्लर यांनी मांडला. मंदीच्या काळात लहान शाळांना मुलं पुरत नव्हती. आजही पश्चिम टेक्ससच्या गावांत अडचण तीच आहे. १ए लाही दोन डिव्हिजन, दोन विजेते.

एकूण टेक्ससला पाचपैकी चार. अर्धा गुण ६ए च्या उशिरा ओढलेल्या रेघेसाठी गेला, अर्धा झाकण नसल्याबद्दल.

इलिनॉय आणि मिशिगन: एकच चूक, दोन उत्तरं

इलिनॉयने १९७४ मध्ये पाच वर्गांनी बाद फेरी सुरू केली. २००१ पासून आठ वर्ग आहेत. इथे वर्ग हंगाम संपेपर्यंत ठरतच नाही. नऊ आठवड्यांचे नऊ सामने. २०२५ पर्यंतची रीत अशी: सहा विजय म्हणजे थेट प्रवेश. उरलेल्या जागांवर पाच विजयांचे संघ, आणि त्यांच्यातला क्रम प्रतिस्पर्ध्यांच्या एकूण विजयांवरून. २५६ संघ भरले की सगळ्यांना पटाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचं आणि ३२–३२ चे आठ तुकडे पाडायचे. म्हणजे टेक्ससच्या ६ए मध्ये चार शाळांच्या पातळीवर होतं, ते इथे अख्ख्या राज्याच्या पातळीवर. सीमेवरची शाळा ५ए मध्ये की ६ए मध्ये, हे दोनशे मैलांवरच्या, कधी नावही न ऐकलेल्या संघाने नवव्या आठवड्यात काय केलं त्यावर ठरतं. शनिवारी रात्री यादी येते आणि पुढच्या आठवड्यात पहिली फेरी. प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती मिळवून अभ्यासायला प्रशिक्षकाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस.

यातून आणखी मोठं नुकसान होतं. सहा विजय हाच दरवाजा असेल, तर तगड्या शाळेशी सामना ठेवायचा कशाला? शाळा सोपे प्रतिस्पर्धी शोधतात, कॉन्फरन्स (शाळांनी आपसांत जमवलेले सामन्यांचे गट) सोडतात, नव्या जुळवतात. जुन्या शेजारच्या लढती त्यात मोडतात. २०१८ मध्ये सदस्य शाळांनी डिस्ट्रिक्ट पद्धत (गट शाळांनी नव्हे, संघटनेने पाडायचे) मतदानाने स्वीकारली होती, ती २०२१ पासून येणार होती. २०१९ मध्ये त्याच शाळांनी मत देऊन ती मागे घेतली. दुखणं कळूनही औषध टाळल्याचं हे उदाहरण. आमचे अडीच गुण, त्यातले बरेचसे सगळ्यांना समजेल अशा सोप्या गणितासाठी.

मिशिगनची सुरुवात १९७५ मध्ये ए, बी, सी, डी अशा चार वर्गांनी झाली. १९९९ पासून आठ डिव्हिजन. तिथेही वर्षानुवर्षं हेच होतं: सहा विजय, २५६ शाळा, मग पटाने ३२–३२ चे तुकडे. आणि तिथेही सामने ठरवताना तेच रडगाणं: चांगल्या संघाला कोणी तारीख देईना. मिशिगनने मात्र निर्णय घेतला. २०२० पासून डिव्हिजन हंगामाआधीच जाहीर होतात, आणि प्रत्येकीतले पहिले ३२ संघ गुणांवरून निवडले जातात. मोठ्या डिव्हिजनच्या संघाला हरवलं तर गुण जास्त, आणि प्रतिस्पर्धी पुढे जितके सामने जिंकेल तितकी भर. हरणाऱ्यालाही प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा थोडा लाभ मिळतो. करोनामुळे २०२० मध्ये सगळ्यांनाच बाद फेरीत घेतलं होतं, त्यामुळे नव्या नियमाची खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. बलाढ्य शाळेशी खेळून पाच–चार असा हिशेब राहिला तरी दार बंद होत नाही, हे कळल्यावर सामन्यांची वेळापत्रकं सुधारली. आठ खेळाडूंच्या संघांसाठी वेगळ्या दोन डिव्हिजन आहेत. पाचपैकी चार.

खासगी शाळांचं काय?

सरकारी शाळेला हद्द असते. त्या हद्दीत राहणारी मुलं तिची. खासगी, बहुतेक कॅथलिक, शाळेला अशी हद्द नसते. ६०० चा पट असलेली खासगी शाळा महानगरभरातून लाइनबॅकर (बचावातला दुसऱ्या फळीचा खेळाडू) आणू शकते. म्हणून पट जसाच्या तसा मोजला तर लहान गावावर अन्याय होतो.

इलिनॉयने २००५ पासून गुणक लावला: हद्द नसलेल्या शाळेचा पट गुणिले १.६५. ६०० चे ९९० होतात. शाळा फक्त मुलांची असेल तर आधी दुप्पट, म्हणजे १,२००, आणि मग १.६५ ने गुणून १,९८०. हिशेब स्वच्छ आहे, पण सरसकट आहे. राज्य गाजवणारी शाळा आणि कसाबसा संघ उभा करणारी खासगी शाळा, दोघांना एकच गुणक. म्हणून मग सूट मागण्याची तरतूद करावी लागली, आणि कोणाला सूट हा नवा वाद झाला.

ओहायोचा उपाय जास्त बारीक आहे आणि आम्हाला तो मनापासून आवडतो. तिथे आधार म्हणून नववी ते अकरावीचे फक्त मुलगे मोजतात. मग अख्ख्या शाळेला न गुणता, प्रत्यक्ष फुटबॉल संघातल्या मुलांची यादी घेतात आणि त्यातली कोण हद्दीबाहेरून किंवा नेहमीच्या वाटेबाहेरून शाळेत आली हे पाहून तेवढ्यांचंच जादा वजन पटात मिळवतात. २०१७ च्या हंगामापासून ही ‘कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स’ पद्धत लागू आहे, आणि ती सरकारी शाळेलाही लागू होते, कारण हद्दीबाहेरची मुलं सरकारी शाळाही घेतात. दोष एकच: यादी भरताना एका मुलाचा पत्ता किंवा आधीची शाळा चुकीची नोंदली, तर सीमेवरच्या शाळेची डिव्हिजन बदलू शकते. ॲथलेटिक डायरेक्टरने (शाळेच्या क्रीडाप्रमुखाने) ही यादी शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

बाद फेरीसाठी ओहायोत हार्बिन गुण असतात, आणि ते समजून घेतल्याशिवाय सामने ठरवू नयेत. डिव्हिजन १ च्या संघाला हरवलं तर पहिल्या पातळीचे ६ गुण, आणि तिथून अर्ध्या–अर्ध्याने उतरत डिव्हिजन ७ साठी ३. त्याखेरीज तुम्ही हरवलेल्या संघांनी जे संघ हरवले, त्यांचे दुसऱ्या पातळीचे गुण. नुसत्या मोठ्या नावाच्या पण पडेल शाळेला हरवून सहा गुण मिळतील, दुसऱ्या पातळीवर हाती काही लागणार नाही. उलट लहान डिव्हिजनमधली आठ सामने जिंकणारी शाळा हरवली तर शेवटी बेरीज जास्त भरते. हरलात तर त्या सामन्याचे शून्य, प्रतिस्पर्धी कितीही मोठा असो. मिशिगनपेक्षा हे कडक आहे. ओहायोलाही चार.

इंडियाना: जिंकणाऱ्याला वर पाठवा

सर्वांत जास्त गुण इंडियानाला. २०१३ पासून सहा वर्ग, त्यात ६ए म्हणजे राज्यातल्या सर्वांत मोठ्या ३२ शाळा. झाकणाचा प्रश्न असा सुटतो: वरचा वर्ग मुद्दाम लहान ठेवायचा. पात्रतेची कटकटच नाही. प्रत्येक शाळा बाद फेरीत असते, सोडती काढून जोड्या लागतात. सहा विजयांसाठी सोपे प्रतिस्पर्धी शोधण्याचं कारणच उरत नाही.

आणि २०१२ मध्ये मंजूर झालेला ‘सक्सेस फॅक्टर’. बाद फेरीचे टप्पे चढत्या क्रमाने सेक्शनल, रीजनल, सेमीस्टेट आणि राज्याची अंतिम लढत. एका वर्षी राज्यविजेतेपद मिळवलं तर ४ गुण, सेमीस्टेट जिंकून थांबलात तर ३, रीजनलला २, सेक्शनलला १. दोन वर्षांत मिळून ६ झाले की पट काहीही असो, शाळा एक वर्ग वर जाते. विजेतेपद आणि पुढच्या वर्षी रीजनल: चार अधिक दोन, वर जा. शाळा खासगी आहे की सरकारी, हा प्रश्नच विचारला जात नाही. संशयावरून कोणाला शिक्षा नाही, मैदानावर जे सिद्ध झालं त्याचाच हिशेब.

त्रुटी आहे. गुण मिळवतात यंदा बारावीत असलेली मुलं, आणि वरच्या वर्गात जाऊन मार खातात त्यांच्यामागून आलेली. ज्या लहान शाळेत वीस वर्षांतून एकदा चांगली तुकडी जमते, तिला हे झोंबतं. तरी साडेचार.

थोडक्यात इतर

कॅलिफोर्नियाच्या सदर्न सेक्शनने (राज्य संघटनेच्या दक्षिणेकडच्या विभागाने) पट जवळपास सोडूनच दिला. हंगाम संपला की संगणकाच्या रेटिंगप्रमाणे संघ लावतात आणि वरून खाली डिव्हिजन कापतात. मॅटर डे आणि सेंट जॉन बॉस्को या बलाढ्य खासगी शाळा आपोआप डिव्हिजन १ मध्ये. सामने चुरशीचे होतात, यात शंका नाही. पण रेघ सर्वांत शेवटी ओढली जाते, आणि एखादा सामना हरल्यामुळे सोपी डिव्हिजन मिळण्याची शक्यता तयार होते. हरण्यात फायदा दिसेल अशी कोणतीही पद्धत सोळा–सतरा वर्षांच्या मुलांसमोर ठेवू नये. तीन गुण.

मिनेसोटा पट मोजताना मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ४० टक्के संख्या वजा करतं. १,५०० च्या शाळेत असे ५०० असतील तर २०० वजा होऊन १,३०० धरले जातात. ज्या घरातला मुलगा शाळेनंतर कामाला जातो, तो उन्हाळ्यात वेट रूममध्ये दिसत नाही. इतर राज्यं ही गोष्ट जाणतात, मोजत मात्र थोडीच.

फ्लोरिडाने २०२२ मध्ये दाट वस्तीच्या आठ काउंट्या ‘मेट्रो’ आणि बाकी ‘सबर्बन’ असे दोन ढीग केले. काउंटीची हद्द ओलांडली की शाळेची ताकद बदलते असं थोडंच आहे? दोन हंगामांनी, २०२४ मध्ये, ते गुंडाळलं.

हातात कागद आल्यावर काय पाहाल

घरातलं मूल नववीत जाऊन फुटबॉल खेळणार असेल, तर शाळेला चार गोष्टी विचारा. आपला पट कोणत्या तारखेचा धरला आहे. सीमारेषेपासून शाळा किती दूर आहे. वर्ग आत्ता पक्का आहे की हंगामानंतर बदलेल. आणि पुढचं वर्गीकरण कोणत्या वर्षी. सीमेपासून वीस–तीस विद्यार्थ्यांच्या आत असलेली शाळा पुढच्या आवर्तनात वर जाईल असं धरूनच चाला. मुलगा दहावीत असताना ओळखीचा असलेला प्रतिस्पर्धी, प्रवासाचं अंतर, बाद फेरीची वाट, सगळं अकरावीत नवं असू शकतं. पश्चिम टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट बदललं म्हणजे शुक्रवारी रात्रीचा बसप्रवास काही तासांनी वाढू शकतो, आणि शनिवारी पहाटे मुलाला शाळेच्या पार्किंगमधून घरी आणायला कोणीतरी जागं राहावं लागतं.

फेब्रुवारीत टेक्ससची यादी लागते त्या सकाळी प्रशिक्षक कागद हातात पडताच डिस्ट्रिक्टबाहेरच्या सामन्यांसाठी फोन फिरवू लागतात. चांगल्या तारखा आणि जवळची मैदानं दुपारपर्यंत संपलेली असतात. आपल्या शाळेचा प्रशिक्षक त्या सकाळी कुठे आहे, हेही विचारून ठेवा.